फॉर्मात लिहिलेली माणसं

अमेरिकेच्या केंद्र सरकारचं गोपनीय स्वरूपाचं काम करायचं असेल तर आधी ‘एसएफ-८६’ नावाचा फॉर्म भरावा लागतो. छापून काढला तर शंभरावर पानं होतात. गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, लग्न, मोडलेलं लग्न, थकलेली कर्जं, दारू, नशा, पोलिसांशी आलेला संबंध, मानसोपचार, परदेशवाऱ्या, आणि मग नातेवाईक. आईवडील, भावंडं, मुलं, सासू-सासरे, प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, नागरिकत्व, राहता पत्ता. परदेशी नागरिक असतील तर त्यांच्याशी कितीदा बोलणं होतं, ते कुठे नोकरी करतात, तिथल्या सरकारशी किंवा सैन्याशी त्यांचा काही संबंध आहे का, हेही.

मी हा फॉर्म मेरीलँडमध्ये भरला. नागरिकत्व मिळून काही वर्षं झाली होती, सरकारी कामं घेणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती आणि पुढच्या कामाला क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय काम करायची सरकारी परवानगी, लागणार होता. आता मी त्या कामात नाही. तरी कुठली इमारत, कुठला विषय हे इथे लिहिणार नाही. गावाचं नावही देणार नाही. कृष्णाकाठचं आहे, एवढं पुरे.

फॉर्मचा बराचसा वेळ भारतात फोन करण्यात गेला. आईची जन्मतारीख कागदोपत्री १ जून. तिच्या वयाच्या कितीतरी माणसांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच लिहायचे. खरी तारीख आषाढातली, आणि पंचमी की षष्ठी यावर आई आणि मामाचं अजून एकमत नाही. मी १ जून लिहिली आणि खाली शेऱ्यात हे सगळं समजावून सांगितलं. भाऊ महावितरणमध्ये अभियंता. महावितरण ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी, म्हणजे परदेशी सरकारशी संबंध आला. तिथे ‘हो’ लिहिलं, आणि तो उपकेंद्रांची देखभाल करतो हे स्पष्ट केलं. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला पाठवलेले पैसे ‘परदेशी व्यक्तीला केलेली आर्थिक मदत’ म्हणून गेले. आणि जमीन. बाबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आई आणि भावाबरोबर माझंही नाव सातबाऱ्यावर चढलं. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्कानं मात्र मिळते. त्यामुळे परदेशातली स्थावर मालमत्ता म्हणून ती गुंठेवार फॉर्मात आली, किंमत डॉलरमध्ये.

“ताई, एवढं सगळं त्यांना कशाला पाहिजे?” भावानं एकदा विचारलं. फोनवर मी त्याला नीट सांगू शकले नाही. उत्तर असं आहे की माणसाकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर त्याला धमकावून कुणी काम करून घेऊ शकत नाही. घटस्फोट असो, कर्ज असो, नैराश्यासाठी घेतलेल्या गोळ्या असोत, सरकारला आधीच सगळं माहीत असेल तर ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. या विचारावर ही सगळी पद्धत उभी आहे, आणि मला ती आजही पटते. मुलाखतीला आलेल्या तपासनीसानं १ जूनची हकिगत शांतपणे ऐकून घेतली, लिहून घेतली. मग त्यानं विचारलं, “तुमच्याकडून काही करवून घेण्यासाठी भारतातल्या तुमच्या घरच्यांवर कुणी दबाव आणला, तर तुम्ही काय कराल?” मी म्हणाले, त्याच दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याला सांगेन. ते उत्तर मनापासूनचं होतं. पण गाडीत बसल्यावर डोक्यात वेगळंच आलं. दबाव आणायचा तर आधी आई कुठे राहते, भाऊ कुठे कामाला जातो हे त्या माणसाला ठाऊक असायला हवं. ते त्याला कुठून कळेल?

एक जागा तर उघडच होती. मी फॉर्म भरला त्याच्या आधीच, २०१५ साली, अमेरिकी सरकारच्या कार्मिक खात्यातून, म्हणजे ओपीएममधून, हेच फॉर्म चोरीला गेले होते. जूनमध्ये सुमारे ४२ लाख कर्मचाऱ्यांच्या सेवानोंदी गेल्याचं जाहीर झालं, आणि जुलैत त्याहून वाईट बातमी आली: पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदींतून २ कोटी १५ लाख लोकांची माहिती गेली होती. त्यात १ कोटी ९७ लाख अर्जदार होते, उरलेल्या १८ लाखांनी कधी अर्जच केला नव्हता. ते बहुतेक अर्जदारांचे नवरे, बायका, बरोबर राहणारे जोडीदार. सप्टेंबरात कळलं की ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसेही गेले. खात्याच्या संचालक कॅथरिन आर्चुलेटा यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी संशयाचा रोख चीनवर असल्याचं त्याच उन्हाळ्यात उघडपणे सांगितलं.

आमच्या गटात एक वयस्कर सहकारी होते, त्यांचा फॉर्म त्या चोरीत गेला होता. जेवणाच्या सुट्टीत एकदा विषय निघाला. ते म्हणाले, संसार मोडायच्या बेतात असताना आम्ही दोघं समुपदेशकाकडे जात होतो, ते मी फॉर्मात लिहिलं. जे खरं ते लिहिलं. घरी आईलाही सांगितलं नव्हतं. पुढे ते काही बोलले नाहीत. ज्याचा कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून त्यांनी ते सरकारला सांगितलं होतं, ते आता नेमकं गैरफायदा घेऊ शकणाऱ्याच्या हातात होतं.

शिवाय त्या एका चोरीवर थांबलेलं नाही. २०१५ मध्येच अँथम या आरोग्यविमा कंपनीतून जवळजवळ ७ कोटी ९० लाख लोकांच्या नोंदी गेल्या. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून साडेचौदा कोटींवर लोकांची पतविषयक ओळख गेली, आणि त्याबद्दल २०२० मध्ये चिनी सैन्यातल्या चौघांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं. मॅरियटच्या स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षणांतून पासपोर्ट क्रमांकांसकट प्रवासाची माहिती गेल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. विमा, कर्ज, प्रवास, आणि मुळात क्लिअरन्सचा फॉर्म. हे चार ढीग एकत्र लावले तर कोण गोपनीय काम करतं, कुणाला पैशाची तंगी आहे, आणि कोण कुठल्या तारखेला कुठल्या शहरात होतं, हे जुळवता येतं.

क्लिअरन्स मिळाल्यावरच्या सत्रात सुरक्षा अधिकाऱ्यानं आम्हाला एक गोष्ट करायला सांगितली. घरी जा आणि स्वतःला अनोळखी माणसासारखं शोधून पाहा. बाई निवृत्तीला आलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, चोरीला गेलेलं तुमच्या हातात नाही, पण दुकानात काय मिळतं ते तरी बघा.

मी ते माझ्या पद्धतीनं केलं. एसएफ-८६ चा कोरा फॉर्म कुणालाही उतरवून घेता येतो. त्यातली नातेवाइकांची पानं छापली, पेन्सिल घेतली आणि ठरवलं की स्वतःच्या आठवणीतलं काहीही लिहायचं नाही. फक्त इंटरनेटवर जे सापडेल ते.

अमेरिकेतली बाजू चटकन भरली. इथे ‘माणूस शोधा’ छापाच्या साइट्स ढिगानं आहेत. नाव टाकलं की वय, आताचा पत्ता, आधीचे पत्ते, फोन नंबर आणि संभाव्य नातेवाईक. थोडं फुकट, बाकीचं काही डॉलरांत. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. त्या यंत्रानं ही दोन्ही नावं वापरून माझ्या दोन नोंदी केल्या होत्या आणि मग त्या एकमेकींना जोडल्या होत्या. त्यामुळे माहेरचं नाव, बाबांचं नाव आणि नवऱ्याचं नाव एका पानावर आलं होतं. न्यू जर्सीतले दीर आणि जाऊबाई त्यांच्या पत्त्यासकट खाली होते. घर केवढ्याला घेतलं ते मेरीलँडच्या मालमत्तेच्या सरकारी नोंदीत होतं, पत्ता घातला की दिसतं.

मग मराठीत शोधायला लागले. सासरच्यांचा कुलवृत्तांत कुणीतरी स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवून ठेवला आहे. त्यात नवऱ्याच्या पणजोबांपासून आमच्या मुलीपर्यंत सगळे. सासऱ्यांची जन्मतारीख, सासूबाईंचं माहेरचं नाव आणि गाव, त्यांचा नागपूरचा पत्ता. माझ्या नावासमोर शिक्षण, आणि पुढे “सध्या मेरीलँड, अमेरिका येथे” असं लिहून कंपनीचं नाव. फॉर्मचं सासू-सासऱ्यांचं पान त्या एका पीडीएफमधून पूर्ण भरलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत स्वयंसेवकांची यादी फोन नंबरांसकट होती, मुलीचा लेझीम पथकातला फोटो शाळेच्या नावासकट होता. लग्नाआधी ज्या वधूवर सूचक केंद्रात नाव नोंदवलं होतं, तिथली जुनी माहिती कुठल्यातरी दुसऱ्याच साइटवर जिवंत होती. जन्मवेळ, जन्मस्थळ, वडिलांची नोकरी, भावाचं शिक्षण. आणि महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडून आडनाव टाकलं तेव्हा सातबारा आला. आई, भाऊ, मी. तिघांची नावं, गट क्रमांक, क्षेत्र आणि पिकाच्या रकान्यात ऊस.

त्या रात्री पेन्सिलीनं भरलेली पानं माझ्या खऱ्या फॉर्मपेक्षा फार मागे नव्हती. आईशी किती वेळा बोलते ते सापडलं नाही. मानसोपचार, कर्ज, औषधं यांच्या रकान्यांना मी हात लावला नव्हता. पानं मी नंतर श्रेडरमध्ये घातली.

कुलवृत्तांत, स्मरणिका, स्थळांची माहिती हे सगळं आपल्या माणसांनी मायेनं केलेलं काम आहे. विखुरलेल्या घराण्याला एकमेकांचा पत्ता मिळावा म्हणून कुणा निवृत्त माणसानं वर्षानुवर्षं पत्रं लिहून गोळा केलेलं. सातबारा उघडा असणं शेतकऱ्याच्या सोयीचं आहे, पूर्वी त्यासाठी तलाठ्याच्या दारात खेटे घालावे लागत. यातल्या कुठल्याच कागदाला मी दोष देत नाही. धोका हे सगळे कागद एका टेबलावर आल्यावर सुरू होतो, आणि ते एका टेबलावर आणणं हाच आज मोठा धंदा आहे.

त्या धंद्याची जी बाजू शोधून दिसत नाही, ती मला जास्त भयंकर वाटते. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अमेरिकी डेटा दलालांकडून सैनिकांची माहिती प्रत्यक्ष विकत घेऊन पाहिली. नाव, पत्ता, आर्थिक स्थिती, आरोग्याच्या तक्रारी, धर्म असं सगळं मिळालं. काही नोंदी १२ सेंट एका माणसामागे इतक्या स्वस्त होत्या. खरेदीसाठी त्यांनी एक आशियाई भासेल असा वेबपत्ताही वापरला, तरी माल मिळाला. म्हणजे मी जे रकाने कोरे सोडले होते, कर्जाचा आणि आजारपणाचा, तेही भरता येतात. पैसे टाकावे लागतात इतकंच.

आणि फोन. आमच्या इमारतीत फोन आत नेता येत नसे. दाराशी लहान लहान कुलूपबंद खण होते, सकाळी फोन त्यात ठेवायचा, संध्याकाळी काढायचा. पहिले काही महिने मला त्यात सुरक्षित वाटायचं. मग लक्षात आलं की तो खणातला फोन रोज आठ-नऊ तास एकाच जागी असतो आणि रात्री माझ्या उशाशी असतो. जाहिरातींसाठी प्रत्येक फोनला एक ओळख क्रमांक असतो. त्यावर नाव नसतं, पण दिवसा ही इमारत आणि रात्री हे घर, असं असल्यावर नावाची गरज काय? घराचा पत्ता ‘माणूस शोधा’मध्ये घातला की नाव येतंच. २०२४ च्या नोव्हेंबरात काही जर्मन आणि अमेरिकी पत्रकारांनी हेच करून दाखवलं. फ्लोरिडातल्या एका दलालानं नमुना म्हणून दिलेल्या स्थाननोंदींमधून जर्मनीतल्या अमेरिकी तळांवर काम करणाऱ्यांचं जाणं-येणं त्यांना दिसलं. त्याआधी २०१८ च्या जानेवारीत स्ट्रावा या व्यायामाच्या ॲपच्या जागतिक नकाशावर वाळवंटातल्या लष्करी तळांभोवतीच्या धावण्याच्या वाटा उजळून निघाल्या होत्या, आणि एका विद्यार्थ्यानं त्या जगाला दाखवल्या होत्या.

मी फोनमधली एकेक परवानगी तपासायला बसले. हवामानाला माझं नेमकं ठिकाण हवं होतं. सवलतीची कुपनं देणाऱ्या एका ॲपला सतत हवं होतं. पंचांगाच्या ॲपलाही, संकष्टीचा चंद्रोदय सांगायला. ते ॲप माझी माहिती विकत होतं असं मी म्हणत नाही, मला तसं काही दिसलं नाही. पण चंद्रोदयाची वेळ शहराचं नाव घातलं तरी कळते, त्यासाठी मी कुठल्या इमारतीत आहे हे सांगायचं कारण नाही. शहर हातानं घातलं, स्थान बंद केलं. जाहिरातींचा ओळख क्रमांक काढून टाकता येतो, तोही काढला. नवऱ्याच्या आणि मुलीच्या फोनवरही हेच केलं, कारण रात्री तिन्ही फोन एकाच छपराखाली असतात.

साइट्सवरून नाव काढण्याचं काम मात्र चिकाटीची परीक्षा आहे. प्रत्येकीचा अर्ज वेगळा, आणि तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात. आधी स्वतःची नोंद शोधायची, मग ती आपलीच आहे हे पटवायला ईमेल द्यायचा, कुठे फोन नंबर द्यायचा. एका साइटनं ओळखपत्राचा फोटो मागितला, तो मी दिला नाही. त्यांच्याकडे माझी जी माहिती आहे त्यापेक्षा चांगली त्यांना द्यायची आणि मग ती त्यांनी पुसावी अशी आशा धरायची, हे मला मान्य नव्हतं. बहुतेक ठिकाणी नाव काही आठवड्यांत गेलं. काही महिन्यांनी त्यातल्या निम्म्या ठिकाणी परत आलं, कधी स्पेलिंग बदलून. दलाल एकमेकांकडून माल घेतात, त्यामुळे एकानं पुसलेलं दुसऱ्याकडून परत येतं. शेवटी कॅलेंडरवर तिमाही खूण केली आणि ते घरकामासारखं नियमित करायला लागले. हे काम माझ्या नावावर का असावं, याचा राग मात्र गेला नाही. शपथ सरकारनं घ्यायला लावली, गुपित सरकारचं, माल विकणारी कंपनी सरकारकडे नोंदलेली, आणि पुसत बसायचं कर्मचाऱ्यानं, स्वतःच्या वेळात.

त्या मानानं क्रेडिट फ्रीज सोपं निघालं. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे, इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन, स्वतःची नोंद गोठवता येते, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कुणाला नवं कर्ज काढता येत नाही. २०१८ पासून कायद्यानं ते फुकट आहे. अमेरिकेत असाल तर क्लिअरन्स असो नसो, हे करून टाका.

कुलवृत्तांतासाठी मी अप्पाकाकांना फोन केला. सासऱ्यांचे चुलतभाऊ, ऐंशीच्या पुढचे, पुस्तकाचं संपादन त्यांचंच.

“अगं, लोकांना एकमेकांचा पत्ता मिळावा म्हणून तर छापलं,” ते म्हणाले.

“काका, छापील राहू द्या. फक्त इंटरनेटवरचं काढा. निदान हयात माणसांचे पत्ते आणि जन्मतारखा तरी.”

“कुणी काही त्रास दिला का?”

“नाही. पण देऊ नये म्हणून.”

खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. क्लिअरन्स आहे हे चारचौघांत सांगू नये, हीच शिकवण. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. तू उगाच म्हणणार नाहीस.” त्यांच्या नातवानं ती फाइल काढली. दुसऱ्या कुणी उतरवून आणखी कुठे ठेवली असेल ती राहिलीच. मंडळाच्या समितीशी बोलणं अधिक सोपं गेलं, कारण तिथे आणखी दोघीतिघींना फोन नंबर छापलेले नको होते, कुणी बोललं नव्हतं एवढंच. पुढच्या स्मरणिकेत नंबर नव्हते आणि मुलांच्या फोटोखाली शाळांची नावं नव्हती.

सातबाऱ्याचा निर्णय जड गेला. पुढच्या भारतभेटीत भावाबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन मी माझ्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र करून दिलं. तसंही मी शेती करणार नव्हते, आणि परदेशी मालमत्तेचा रकाना रिकामा झाला. पण बाबांच्या नावाखाली माझं नाव होतं ते गेलं. फेरफारात मात्र नोंद राहतेच, कुणाकडून कुणाकडे गेलं ते, तारखेसकट. आईनं विचारलं, “एवढी काय घाई होती?” भावानं तिला काहीतरी सांगितलं.

साधारण त्याच सुमाराला व्यावसायिक ओळखीच्या एका साइटवर मला एक संदेश आला. सल्लागार कंपनी, आशियातल्या तंत्रज्ञान धोरणावर छोटे अहवाल लिहायचे, घरबसल्या, मोबदला चांगला. असे संदेश बऱ्याच जणांना येतात. यात वेगळं हे होतं की सांगलीतल्या माझ्या अभियांत्रिकी कॉलेजचं नाव होतं आणि “आपल्या कुटुंबाच्या जबाबदाऱ्या सांभाळून” असं एक वाक्य होतं. माझ्या त्या साइटवरच्या पानावर कॉलेज नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. संदेशाचा स्क्रीनशॉट काढून सुरक्षा अधिकाऱ्याला दिला. संदेश पाठवणारा कोण होता, कुणासाठी विचारत होता, हे मला कधी सांगण्यात आलं नाही आणि मी विचारलंही नाही. कदाचित खरोखरच एखादी सल्लागार कंपनी असेल. पण केविन मॅलरी यांचं प्रकरण आम्हाला शिकवलेलं होतं. सीआयएमध्ये काम केलेले गृहस्थ, डोक्यावर कर्ज. २०१७ मध्ये लिंक्डइनवर नोकरी शोधून देणाऱ्या एकाचा निरोप आला, पुढे शांघायची वारी झाली, गोपनीय कागद दिले गेले, आणि २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. ज्याला पैशाची गरज आहे आणि ज्याच्याकडे विकण्यासारखं काही आहे अशा माणसापर्यंत निरोप पोचवायचा, तर त्याची कर्जाची आणि नोकरीची माहिती शेजारी शेजारी असणं किती सोयीचं पडेल, हे वेगळं सांगायला नको. २०२५ च्या एप्रिलमध्ये, सरकारी कर्मचारी मोठ्या संख्येनं कमी केले जात असताना, अमेरिकेच्या प्रतिगुप्तचर केंद्रानं अशाच बनावट नोकऱ्यांबद्दल आजी-माजी कर्मचाऱ्यांना सावध केलं.

भावाला या सगळ्याचा अर्थ कुठे लागला ते सांगते. २०२३ च्या मे महिन्यात त्यानं मला पुण्याची बातमी पाठवली. डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकांना एटीएसनं अटक केली होती. पाकिस्तानी हस्तकानं बाई असल्याचं भासवून मोबाइलवर ओळख वाढवली आणि माहिती काढली, असा आरोप होता. खाली भावानं एवढंच लिहिलं होतं: “तू माझी नोकरी फॉर्मात का लिहिलीस ते कळलं. माझ्या फेसबुकवरून उपकेंद्रातले फोटो काढतोय.” भारतीय सैन्यानं जुलै २०२० मध्येच जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. भाऊ जवान नाही. वीज कंपनीत आहे, आणि माझा भाऊ आहे. दुसऱ्या कारणासाठी त्याला काळजी घ्यावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. या फॉर्मवर सही माझी होती. त्याला, आईला, नागपूरच्या सासू-सासऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कायदे आता कुठे हलायला लागलेत. २०२४ मध्ये अमेरिकेनं दलालांना चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया यांना नागरिकांची संवेदनशील माहिती विकायला मनाई केली. न्याय खात्याचा नियम ८ एप्रिल २०२५ पासून लागू झाला, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांची म्हणून विकली जाणारी माहिती एका माणसाची असली तरी बंदी आहे, किमान संख्येची अट नाही. म्हणजे धोका सरकारला पुरता मान्य आहे. पण देशातल्या देशात विक्री चालूच, आणि देशातल्या ढिगातून चोरी होतेच. दलालांवर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांसारखीच बंधनं घालायचा एक प्रस्ताव डिसेंबर २०२४ मध्ये आला होता, तो मे २०२५ मध्ये मागे घेतला गेला. मेरीलँडच्या ऑक्टोबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्यानं नेमक्या ठिकाणासारखी संवेदनशील माहिती विकायला बंदी आहे, हे चांगलं झालं. सार्वजनिक नोंदींतून गोळा केलेली नावं आणि पत्ते मात्र त्यात येत नाहीत.

न्यायाधीशांसाठी झालं आहे. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीत न्यायाधीश एस्थर सालास यांच्या दारात पार्सलवाल्याच्या वेशात एक माणूस आला आणि त्यानं त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनिएलला, गोळ्या घातल्या. घराचा पत्ता आणि बाकी माहिती त्यानं इंटरनेटवरून जमवली होती. त्याच वर्षी न्यू जर्सीनं आणि २०२२ च्या अखेरीला संसदेनं डॅनिएलच्या नावानं कायदा केला. न्यायाधीशांचा आणि त्यांच्या कुटुंबाचा पत्ता काढा म्हटलं की काढावा लागतो. क्लिअरन्स असलेल्यांची संख्या ४० लाखांच्या आसपास आहे. त्यांच्यासाठी असा देशव्यापी कायदा नाही. कॅलिफोर्नियात एकाच अर्जात सगळ्या नोंदणीकृत दलालांना माहिती पुसायला सांगायची सोय झाली आहे, पण ती तिथल्या रहिवाशांना.

आमच्या भागातून मेरीलँडच्या विधिमंडळात गेलेल्या प्रतिनिधींना मी पत्र लिहिलं आहे. कॅलिफोर्नियासारखा एकच अर्ज इथेही असावा, आणि एकदा पुसलेलं नाव दुसऱ्या दलालाकडून परत आणण्याला दंड असावा, असं त्यात म्हटलं आहे. त्यांच्या कार्यालयातल्या तरुण मुलीचा फोन आला, तिनं विचारलं की अर्जात कुटुंबीय म्हणजे कोण कोण धरायचे. मी तिला एसएफ-८६ चं नातेवाइकांचं पान पाठवलं आणि लिहिलं की सरकार माहिती घेताना ज्यांना कुटुंब धरतं, तेवढे सगळे. मेरीलँडबाहेरचे, भारतात राहणारेसुद्धा.